गरीब हाय, मारका न्हाई

केरबाकाकांनी आमचा प्लॉट पहिल्यांदा बघितला तेव्हा आधी त्याच्याभोवती एक पूर्ण चक्कर मारली. मग मध्यभागी जाऊन वाकले, तळहाताने जमिनीवर तीनदा थापटलं, थोडा वेळ तसेच वाकून राहिले आणि उठून हात झटकत आमच्या ह्यांना म्हणाले, "गरीब हाय. मारका न्हाई."

मी विचारलं, "कोण?"

"प्लॉट," ते म्हणाले, आणि शिक्षिका असून एवढंही कळत नाही, अशा नजरेने माझ्याकडे बघितलं.

सांगायचं म्हणजे केरबाकाका मूळचे बैलांचे दलाल. डोंगरकडा गावचे राहणारे. उभा जन्म आठवडी बाजारांत गेला. कोणाच्या दावणीला कोणती जोडी शोभेल हे ते लांबून सांगायचे म्हणे. पुढे ट्रॅक्टर आले, बैलबाजार ओसरला आणि रस्त्यालगतच्या शेतांत चुन्याच्या रेषा पडून प्लॉट निघायला लागले. काका बैलांवरून प्लॉटवर आले, पण भाषा काही त्यांनी बदलली नाही. ज्या प्लॉटवर कोर्टकज्जा आहे तो मारका. ज्याला रस्ता नाही तो लंगडा. आणि कागदपत्रं बघायची असली की हात पुढे करून म्हणायचे, "दात दाखवा." त्यांचं कार्ड माझ्याकडे अजून आहे. त्यावर 'बैल खरेदी-विक्री' असं छापलेलं, त्यातला 'बैल' बॉलपेनने खोडून वर 'प्लॉट' लिहिलेलं. नवी कार्डं काहून छापायची, जुनी पाचशे पडून हायेत की, असा त्यांचा हिशेब.

मी हिंगोलीला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. सव्वीस वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळले, त्यामुळे माझा आवाज जरा वरच्या पट्टीत असतो आणि धीर जरा कमी असतो. हे मी आधीच कबूल करते. आमचे हे बरोबर उलटे. वीज कंपनीच्या कार्यालयातून निवृत्त झाले, पण बिल थकलेल्या माणसाची वीज तोडायची वेळ आली की ह्यांनाच घाम फुटायचा. अशा दोघांनी मिळून अकरा वर्षांपूर्वी कळमनुरीला, नांदेड रस्त्याच्या बाजूला, एक प्लॉट घेऊन ठेवला होता. गुंतवणूक म्हणून. म्हणजे काय, तर नांदेडला जाताना बसच्या खिडकीतून हे बोट दाखवायचे, "तो बघ आपला." मी बघेपर्यंत तो मागे गेलेला असायचा. एवढाच त्याचा आम्हाला उपयोग.

तो विकायची वेळ आली सुजातामुळे. सुजाता आमची एकुलती एक. औषधशास्त्राचा कोर्स केलेली. लातूरकडे दिली होती. तीन वर्षांनी एक बॅग घेऊन परत आली. तिकडे काय झालं ते मी इथे सांगणार नाही. मलाही तिने सगळं सांगितलेलं नाही. पण परत आल्यावर चौदा महिने ती पोरगी नुसतं 'हो' आणि 'नको' एवढंच बोलली. भांडी घासायची, कपडे वाळत घालायची, खिडकीशी बसायची. मी घरात मोठ्याने बोलायचं सोडलं, यावरून काय ते समजा. मग एके दिवशी कळलं की सरकारी दवाखान्यासमोरचे मेडिकलवाले शेठजी म्हातारपणामुळे दुकान देऊन टाकतायत, माल-फर्निचरसकट. दुपारी भाजी निवडता निवडता सुजाता म्हणाली, "आई, ते दुकान मला जमेल."

चौदा महिन्यांतलं तिचं स्वतःचं असं हे पहिलं वाक्य. माझ्या हातातली मेथी तशीच राहिली.

शेठजींनी बारा लाख सांगितले आणि पुढच्या महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली. त्यानंतर मोबाइलवाली एक पार्टी तयार होती. आमच्याकडे बारा लाख कुठून येणार? होता तो प्लॉट. आधी आम्ही हिंगोलीतल्या एका काचेच्या दारवाल्या एजंटकडे गेलो. त्याने थंडगार हवेत बसवलं, गार पाणी पाजलं, 'मॅडम, काम झालं समजा' म्हणाला, आणि पुढे तीन आठवडे रोज सकाळी मला गुलाबाच्या फुलाचा शुभ सकाळचा मेसेज पाठवला. गिऱ्हाईक एकही नाही. शेवटी शाळेतल्या जाधव बाई म्हणाल्या, डोंगरकड्याचे केरबाकाका बघा, माणूस विचित्र आहे पण सौदा बसवतो. तेव्हा महिना संपायला चोवीस दिवस उरले होते.

विचित्र म्हणजे किती, ते मला पहिल्याच गिऱ्हाइकाला कळलं.

बँकेत नोकरी करणारा एक तरुण आणि त्याचे वडील प्लॉट बघायला आले होते. मी काकांना आधीच बजावलं होतं, पाण्याचं काही बोलायचं नाही. काकांनी मान डोलावली होती. पण गिऱ्हाईक उभं राहिलं न राहिलं तोच काकांनी सुरू केलं, "आधी खोडी सांगतो. एक, पावसाळ्यात त्या कोपऱ्यात घोट्याएवढं पाणी थांबतंय. दोन, शेजाऱ्याची भित वीतभर आत आलीया. तीन..."

"काका!" मी ओरडले. "तिसरी कुठली?"

"तिसरी, मालकीण तापट हाय."

बाप-लेक हसत हसत गेले ते परत आले नाहीत. मी काकांना धारेवर धरलं. ते शांतपणे डोक्याचा रुमाल सोडून परत बांधत होते. त्यांचा तो रुमाल म्हणजे चांगला साडेतीन हात लांब. "बाई," ते म्हणाले, "खोड लपवून बैल इकला तर बैल मार खातो. इकणारा न्हाई, बैल. बराबर हाय का न्हाई?"

"हा प्लॉट आहे काका! प्लॉटला कोण मारणार?"

"तुमी घाई करून राहिल्या," एवढंच ते बोलले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. महिनाभरात मी ते इतक्यांदा ऐकलं की झोपेतही ऐकू यायला लागलं.

त्यांना फोन करायची सोय नव्हती. फोन होता, पण तो ते तंबाखूच्या पिशवीत ठेवायचे आणि वाजला की पिशवीचं तोंड आवळायचे. सौद्याची गोष्ट तोंडासमोर करायची असते, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे दिवसचे दिवस काही खबर नाही आणि मग सकाळी सातला, मी शाळेच्या गडबडीत असताना, दारात हजर. डोंगरकड्याहून पहिली बस पकडून यायचे. येताना केळीची एक फणी. बसून चहा घ्यायचे, सुजाताकडे एकदा बघायचे, आणि मग विचारायचे, "बाई, प्लॉट इकता काहून? ते एकदा सांगून टाका."

"घरगुती कारण आहे," मी तुटक सांगायचे. पोरीसमोर काय बोलणार?

"सांगितलं तर बरं असतं. गिऱ्हाईक इचारतंय."

गिऱ्हाईक विचारत नव्हतं, हेच विचारत होते. इतकंच नाही, तर घेणाऱ्यालाही विचारायचे. घरात माणसं किती, म्हातारे कोणासोबत राहतात, प्लॉटवर काय बांधणार, कधी बांधणार. लोक चिडायचे. एक जण म्हणाला, मी मुलगी बघायला आलोय का? माझं रक्त उकळायचं, पण दुसरा दलाल शोधायला दिवस नव्हते. सुजाता आता रोज संध्याकाळी दवाखान्याच्या रस्त्याने फिरून यायची. दुकानासमोर जरा रेंगाळायची, असं ह्यांनी मला हळूच सांगितलं. दोनदा तिला आरशासमोर केस विंचरताना मी बघितलं. ते दुकान गेलं असतं तर ती परत खिडकीशी बसली असती, आणि मग तिला तिथून कोणी उठवलं असतं, हे मला माहीत नव्हतं.

बारा दिवस उरले तेव्हा नांदेडचा एक माणूस पांढऱ्या गाडीतून आला. बोटांत अंगठ्या, खिशात चेकबुक. पाण्याची खोड ऐकली, भिंतीची ऐकली, म्हणाला, चालतंय. तेरा लाख सांगितले, म्हणाला, चालतंय. मी मनातल्या मनात ग्रामदैवताला नारळ बोलले. तेवढ्यात गाडीतून त्याची बायको उतरली, पदर सावरत प्लॉटवर आली आणि विचारलं, "इथं नळाचं पाणी येतं का?"

"तुला कोणी उतरायला सांगितलं?" तो माणूस मागे न बघताच म्हणाला. "जा, गाडीत बस. अक्कल तर नाही, आली मधे."

ती गेली. दार लावल्याचा आवाजही केला नाही तिने. केरबाकाका गाडीकडे बघत राहिले. मग त्या माणसाला म्हणाले, "न्हाई द्यायचा."

"काय?"

"प्लॉट. तुमाला न्हाई द्यायचा. या तुमी."

तो माणूस काय काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. गाडी धुरळा उडवत गेली. मी आणि हे तसेच उभे. मग मला कंठ फुटला. सव्वीस वर्षांत पहिलीच्या वर्गावर ओरडले नसेन इतकी मी त्या माळावर ओरडले. बाजूच्या प्लॉटवरचे गवंडी काम थांबवून बघायला लागले.

"आवाज ऐकला न्हाई का तुमी त्याचा?" काका म्हणाले.

"त्याच्या आवाजाशी आपल्याला काय करायचंय? प्लॉट काय नांदायला चाललाय त्याच्या घरी?"

बोलले आणि माझीच जीभ मी चावली. पण काकांचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं मी त्यांना मारलंच. ते रस्त्याला लागले आणि बस येईपर्यंत आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मी निर्लज्जासारखा त्या नांदेडवाल्याला स्वतः फोन केला. त्याने दुसऱ्या लेआउटमध्ये तोवर बयाणा दिला होता.

त्यानंतर सहा दिवस काकांचा पत्ता नाही. मी ह्यांना म्हटलं, गेला म्हातारा, आपलं दुकानही गेलं. हे म्हणाले, येतील. ह्यांच्या 'येतील'वर मी कधी विश्वास ठेवला नाही. पण सातव्या दिवशी सकाळी काका दारात. हातात केळीची फणी. "गिऱ्हाईक हाय," म्हणाले. "चला." पाच दिवस उरले होते.

गिऱ्हाईक म्हणजे दस्तगीर मास्तर. कळमनुरीतले शिंपी. बावीस वर्षं भाड्याच्या खोलीत काढलेली. सोबत त्यांची बायको, शाहीनभाभी. आम्ही पोहोचलो तेव्हा त्या प्लॉटवर पावलं मोजत होत्या. "इधर चूल्हा," स्वतःशीच म्हणत होत्या, "इधर खिडकी." मास्तरांना खोडी सांगून झाल्या होत्या. पाण्याचं ऐकून ते म्हणाले होते, "भर टाकेंगे काका, दो ट्रॉली मुरूम. क्या तकलीफ है."

आता भाव. काका भाव तोंडाने बोलत नसत. बैलबाजाराची रीत. दोघांचे हात रुमालाखाली घ्यायचे आणि बोटं धरून सांगायचं. बघणाऱ्याला कळू नये, आणि बोलाचालीने कोणाचा अपमान होऊ नये, म्हणून. काकांनी डोक्याचा रुमाल सोडला. "दहाच्या वर जितकी बोटं, तितके लाख," त्यांनी समजावलं. "ज्याला कबूल न्हाई त्यानं आपल्या भावाइतकी समोरच्याची बोटं धरायची. ज्याला कबूल हाय त्यानं समोरच्याचा हात मुठीत धरायचा. हात धरला की धरला. मग माघार न्हाई."

मी म्हटलं, मी बसते. काका म्हणाले, दस्तगीर मास्तर परक्या बाईचा हात धरायचे न्हाईत, सायेबच बसू द्या. ते खरंच होतं. मी ह्यांना बाजूला घेतलं आणि दोन बोटं डोळ्यांसमोर नाचवली. "दोन. बारा लाख. दोन बोटांखाली यायचं नाही. काय वाटेल ते होवो. कळलं?"

"कळलं," हे म्हणाले.

दोघे समोरासमोर बसले. रुमाल टाकला. रुमालाखाली हालचाल झाली, थांबली, परत झाली. मास्तरांच्या कपाळावर घाम होता. शाहीनभाभी पावलं मोजायच्या थांबल्या होत्या. मग ह्यांचा चेहरा मऊ पडला. हा चेहरा मला ओळखीचा आहे. वीज तोडायला जाऊन चहा पिऊन परत यायचे, तेव्हा असाच असायचा. मी "अहो!" म्हणून हाक मारेपर्यंत काकांनी रुमाल ओढला.

मास्तरांनी ह्यांचं एकच बोट धरलं होतं. आणि ह्यांनी त्यांचा सगळा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"झालं," काका म्हणाले. "अकरा."

"अहो, काय केलंत हे?"

"त्यांचा हात थरथरत होता गं," हे म्हणाले. "मी नुसता धीर दिला."

धीर दिला! एक लाख रुपयांचा धीर! मी काय बोलले ते मला आठवत नाही, पण सगळं आठवडाभराचं साठलेलं बाहेर पडलं. म्हटलं, मोडा हा सौदा. हा काही बैलबाजार नाही. काका म्हणाले, "मोडता येतो बाई. न्हाई कोण म्हणलं? फक्त मोडायचा कोणी, ते सांगा. त्या माउलीला जाऊन तुमी सांगा."

शाहीनभाभी त्यांच्या चुलीच्या जागी उभ्या राहून रडत होत्या. आनंदाने. मी दोन पावलं गेले आणि थांबले. मला जमलं नाही. परत फिरले आणि काकांसमोर मटकन खालीच बसले. मग बांध फुटला. म्हटलं, "तुम्हाला कारण पाहिजे होतं ना? ऐका. माझी पोरगी नांदून परत आलीय. चौदा महिने घरात मुकी बसली होती. तिला मेडिकलचं दुकान घ्यायचंय. बारा लाखांना आहे. पाच दिवसांनी ते दुसऱ्याचं होईल. आता घाला तुमच्या रीती चुलीत."

काकांनी रुमाल झटकून डोक्याला गुंडाळला. मग म्हणाले, "हे आधी सांगायचं व्हतं बाई." आणि उठले. "चला."

"कुठं?"

"हिंगोलीला. दुकान कोण इकून राहिलं? त्याच्याकडं."

त्याच दुपारी आम्ही शेठजींच्या दुकानात. सुजातालाही काकांनी घरून बोलावून घेतलं. काकांनी दुकानाभोवती चक्कर मारली, फडताळावर तीनदा थापटलं. शेठजी अवाक. "शेठ," काका म्हणाले, "हे दुकान तुमी किती वर्षं चालवलं?"

"चाळीस."

"आन् त्या मोबाइलवाल्यानं घेतलं तर इथं काय व्हईल?"

"त्याची मर्जी. मला काय करायचंय?"

"चाळीस वर्षांच्या जनावराला असं न्हाई सोडत कोणी," काका म्हणाले. "दवाखान्यातून रडत माणूस निघतो, समोर दुकान उघडं पाहिजे. ही पोरगी उघडंल. पण पैसं अकराच हायेत. हात घाला."

शेठजी आधी हसले. मग का कोण जाणे, त्यांनी हात रुमालाखाली घातला. मी माझा पुढे केला. काकांनी तो बाजूला सारला. "तुमचा न्हाई, सायेबांचा तर मुळीच न्हाई. दुकान जिचं, हात तिचा. ये बाई सुजाता."

सुजाताने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. तिने हात आत घातला. शेठजींनी दोन बोटं धरली असावीत, कारण तिने मान नकारार्थी हलवली. परत काहीतरी झालं. परत नकार. शेठजी म्हणाले, दीड धर, पोरी. तिने तोंडातून शब्द काढला नाही. नुसता शेठजींचं एक बोट धरलेला हात तसाच. दोन मिनिटं गेली असतील, मला ती शाळेच्या एका तासाएवढी वाटली. रिक्षावाले बाहेर हॉर्न वाजवत होते.

"अगं सोड, सोड!" शेठजी एकदम ओरडले. "बोट मोडशील माझं!"

"हात धरा मग," सुजाता म्हणाली. चांगल्या खणखणीत आवाजात. माझ्या आवाजात, खरं तर.

शेठजींनी धरला. मग स्वतःच हसत सुटले, बोट चोळत म्हणाले, "उधारी वसूल करायला बरी आहे ही." आमचे हे डोळे पुसत होते. मी पुसले नाहीत, पण दुकानातल्या काचेत बघितलं तर माझंही नाक लाल झालेलं.

सोमवारी कळमनुरीला रजिस्ट्री झाली. मास्तरांनी सही केली, ह्यांनी केली, मी केली. काकांनी आपली दलाली दोन्हीकडून बराबर घेतली, एक रुपयाही सोडला नाही, आणि मला ते आवडलं. हे आणि मास्तर कागदांच्या नकला घ्यायला थांबले. मी आणि काका बसस्टँडवरच्या बाकड्यावर येऊन बसलो. आज त्यांनी धुतलेला शर्ट घातला होता आणि मांडीवर केळीची पिशवी होती. मी विचारलं, "गावाकडे का?"

"न्हाई. नांदेडला. पोरगी हाय तिथं."

"तुम्हाला मुलगी आहे? कधी बोलला नाहीत."

ते रस्त्याकडे बघत होते. "बाई, एका बैलासाठी म्या चार-चार गावं हिंडलो. घर कसं, दावण कशी, मालकाचा हात कसा, सगळं बघून मग इकायचो. आन् पोरीचं लग्न एका बैठकीत ठरवलं. शेती लई व्हती त्यांची. एवढंच बघितलं." पिशवीची गाठ चाचपत म्हणाले, "एकदा वापस आली व्हती. सकाळच्या गाडीनं. दारात उभी राहिली. म्या म्हणलं, लोक काय म्हणतील. तिला उंबऱ्याच्या आत घेतलं न्हाई. त्याच गाडीनं नेऊन सोडली."

"मग?" मी विचारलं.

"पुढं त्यानं सोडलंच तिला. आता नांदेडला एका शाळेत खिचडी शिजवती. एकटी राहती. म्या महिन्याला जातो. तिच्या गल्लीच्या तोंडाला चहाची टपरी हाय, तिथं बसतो. ती कामाला जाताना दिसती. मग येतो वापस."

"आणि बोलत नाही?"

"काय बोलू?"

मग ते माझ्याकडे वळले. "बाई, एक इचारू? राग धरू नका. तुमची सुजाता वापस आली, त्या दिवशी दार कोणी उघडलं?"

"मी."

"काय म्हणलात तुमी?"

मला आठवावं लागलं. इतक्या महिन्यांत हे मला कोणी विचारलंच नव्हतं. "काय म्हणणार काका? म्हटलं, हातपाय धू. वाढते."

"आन् पुढं?"

"पुढं काही नाही. जेवली ती. दोन भाकरी खाल्ल्या आणि झोपली."

"एवढंच?"

"एवढंच."

"एवढंच व्हतं व्हय," ते म्हणाले. केळीची पिशवी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली. "म्या समजत व्हतो, लई काय काय बोलावं लागतंय. एवढंच व्हतं."

नांदेडची बस लागली. ते चढले, खिडकीशी बसले. मी खाली उभी होते. कंडक्टरने घंटी दिली तसे ते एकदम खिडकीतून बाहेर वाकले.

"बाई, 'घरी चल, भात टाकतो' असं म्हणलं तर चालंल का? तिची माय न्हाई आता. मला निस्ता भातच येतो."

"चालेल काका," मी बसबरोबर चालत ओरडले. "टपरीवर बसू नका. आधी दार वाजवा, मग म्हणा."

"व्हय," ते म्हणाले. बस वळेपर्यंत खिडकीत त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते.